घरगुतीपणाची घडण : जाड, मऊ कुकीचा अमेरिकी इतिहास

अमेरिकेत ‘घरची कुकी’ म्हटले की आज जो पदार्थ डोळ्यांसमोर येतो, तो बोटभर जाड, कडेला तांबूस आणि किंचित कडक, मध्यभागी मात्र ओलसर, आणि चॉकलेटचे अर्धवट वितळलेले तुकडे पोटात बाळगणारा असतो. दाताखाली न तुटता थोडी ओढ देणाऱ्या या पोताला तेथे ‘च्युई’ म्हणतात, आणि तो पोत साधला की कुकी जमली असे मानतात. हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आजीकडून नातीकडे चालत आला आहे, अशी समजूत तेथे इतकी पक्की आहे की तिचा पुरावा मागण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. परंतु जुनी पाककृतींची पुस्तके, पेटंटचे दस्तऐवज आणि कंपन्यांमधील खटले यांचा धांडोळा घेतला, तर वेगळेच चित्र उभे राहते. कुकी जुनी आहे आणि एका मर्यादित अर्थाने मऊ कुकीही जुनी आहे. पण चॉकलेटची जाड, च्युई कुकी लोकप्रिय झाली ती १९७० नंतर, बाजारपेठांतील छोट्या दुकानांमुळे, आणि घराघरांत तिचे अनुकरण त्यानंतर सुरू झाले. घरगुतीपणाची खूण मानला गेलेला हा पोत घराबाहेर कसा घडला, हे पाहताना ज्या स्त्रियांच्या कौशल्यावर तो उभा आहे त्यांचे श्रेय कोठे हरवले, हेही ध्यानात येते.

कुकी अमेरिकेत डच वसाहतवाल्यांबरोबर आली. १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू ॲम्स्टरडॅम ताब्यात घेऊन त्याचे न्यू यॉर्क केले, तरी तेथील डच घरांमधील छोट्या गोड केकचा प्रकार आणि त्याचे नाव दोन्ही टिकून राहिले. इंग्लंडमध्ये ज्याला बिस्किट म्हणत राहिले, त्याला अमेरिकेत कुकी म्हटले जाऊ लागले. हार्टफर्ड येथे १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक छापले गेले, आणि अमेरिकी लेखकाने लिहिलेले पहिले पाकपुस्तक म्हणून ते ओळखले जाते. मुखपृष्ठावर स्वतःला अनाथ म्हणवून घेणाऱ्या या लेखिकेने त्यात कुकीची जी कृती दिली आहे, तिच्यात अडीच पौंड मैद्याला अवघे चार औंस लोणी, एक पौंड साखरेचा पाक आणि दोन मोठे चमचे बारीक कुटलेले धने सांगितले आहेत. अंड्याचा उल्लेख नाही. दहा भाग मैद्याला एक भाग लोणी हे प्रमाण आजच्या कुकीपेक्षा पोळीच्या जवळ जाणारे आहे, आणि त्यातून निघणारा पदार्थ कडक, कोरडा, आठवडेच्या आठवडे टिकणारा असणार हे उघड आहे. तो तीन आठवडे चांगला राहतो, अशी ग्वाहीही लेखिकेने दिली आहे.

त्या कृतीतील महत्त्वाचा घटक म्हणजे पर्लॅश. लाकडाची राख पाण्यात कालवून, निवळी आटवून मिळणारा क्षार भाजून शुद्ध केला की हा पांढरा पदार्थ तयार होतो. पापडखार ज्यांच्या स्वयंपाकघरात असतो त्यांना त्याच्या जातीची कल्पना येईल. आंबट पदार्थाशी गाठ पडली की तो वायू सोडतो आणि पीठ फुगवतो. राखेपासून पॉटॅश आणि पर्लॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीसाठी सॅम्युएल हॉपकिन्स यांना ३१ जुलै १७९० रोजी मिळालेले पेटंट हे अमेरिकेचे पहिलेच पेटंट होय, यावरून जंगले तोडून शेती वसवणाऱ्या त्या देशात राखेच्या व्यापाराला केवढे मोल होते हे दिसते. यीस्टची वाट न पाहता किंवा अंडी तासन्‌तास न फेटता पीठ हलके करण्याची ही युक्ती अमेरिकी स्वयंपाकघरांतून पुढे आली, आणि पुढील दोन शतकांतल्या कुकीचा पाया तिनेच घातला.

याच पुस्तकात नाताळच्या कुकीची आणखी एक कृती आहे, आणि मऊपणाच्या इतिहासात तिला फार महत्त्व द्यायला हवे. ही कुकी भाजल्यावर कडक आणि कोरडी लागेल, परंतु मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा ओलसर खोलीत ठेवली तर सहा महिन्यांनी ती अधिक मऊ आणि अधिक चांगली होईल, असे सिमन्स सांगतात. म्हणजे अठराव्या शतकातील गृहिणीलाही मऊ कुकी हवीशी होती, मात्र ती भट्टीतून मिळत नसे. हवेतील ओलावा शोषून घेण्याच्या साखरेच्या गुणाचा उपयोग करून, महिनोन्‌महिने वाट पाहून ती मिळवावी लागे. नाताळात खायची कुकी उन्हाळ्यात भाजून ठेवायची, असा हा हिशेब होता. आज अमेरिकेत वाळू लागलेल्या कुकीजच्या डब्यात पावाची चकती ठेवतात, म्हणजे पावातला ओलावा कुकी ओढून घेते; त्यामागचे तत्त्व तळघरातल्या मडक्याचेच आहे.

थेट भट्टीतून मऊ निघणारी कुकी न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडली, आणि तिला मऊ ठेवणारा पदार्थ म्हणजे मळी. उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर उरणारा हा दाट काळपट द्रव महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या परिसरात सर्वांना माहीत आहे, पण तो खाण्यासाठी वापरण्याची पद्धत येथे फारशी रुजली नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र दीर्घकाळ तेच गरिबांचे गोडवण होते. मळीत उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्कराही असतात, आणि त्यांतील फ्रुक्टोज पाणी धरून ठेवण्यात विशेष पटाईत असते. त्यामुळे मळी घातलेली कुकी दिवसेंदिवस वाळत नाही. ही मळी येत होती कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून, जेथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला जाई. बॉस्टन आणि आसपासची बंदरे तिच्या व्यापारावर आणि तिच्यापासून गाळलेल्या रमवर इतकी अवलंबून होती की १७३३ मध्ये ब्रिटिश संसदेने परकीय वसाहतींतून येणाऱ्या मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली तेव्हा तस्करी हाच तिथल्या व्यापाराचा रीतसर मार्ग झाला. न्यू इंग्लंडच्या मऊ, मसालेदार कुकीचा गोडवा कोणाच्या घामातून आणि रक्तातून आला, हे त्या कुकीच्या इतिहासात सांगितले गेलेच पाहिजे.

याच किनाऱ्यावर मार्बलहेड या मच्छीमारांच्या गावात ‘जो फ्रॉगर’ नावाची मोठी, जाड कुकी आजही बनते. जन्माने गुलाम असलेले, पुढे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले जोसेफ ब्राउन आणि त्यांची पत्नी लुक्रेशिया हे कृष्णवर्णीय दांपत्य तेथील टेकडीवर, तळ्याच्या काठी, एक खानावळ चालवीत असे, आणि ही कुकी त्यांच्या चुलीवरची असे परंपरा सांगते. मळी, रम, मसाले आणि समुद्राचे खारे पाणी घातलेल्या या कुकीत दूध नसे, म्हणून ती नासत नसे आणि कडकही होत नसे. लांबच्या मासेमारीला जाणारे लोक ती पिंपात भरून बरोबर नेत. च्युई कुकीची खरी पूर्वज शोधायची असेल तर ती येथे सापडते. मात्र तिच्यात चॉकलेट नव्हते, लोण्याचा स्वाद प्रमुख नव्हता, आणि तिचा मऊपणा ताजेपणाचा नसून टिकाऊपणाचा होता.

एकोणिसाव्या शतकात बदल घडले ते साधनांमध्ये. १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी खाण्याचा सोडा पाकिटांतून विकायला सुरुवात केली आणि पर्लॅश मागे पडला. उघड्या चुलाण्याची जागा ओतीव लोखंडाच्या शेगडीने घेतली. आणि बॉस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात काठोकाठ सपाट केलेल्या वाटी-चमच्यांचे माप लावून धरले. चिमूटभर, अक्रोडाएवढे, अंदाजाने अशा मापांवर चालणाऱ्या कृतींना यामुळे शिस्त आली. पुढे उष्णता आपोआप नियंत्रित करणारे गॅसचे ओव्हन आले आणि ‘मंद भट्टी’, ‘तेज भट्टी’ या शब्दांऐवजी अंशांचे आकडे छापले जाऊ लागले. कुकीसारख्या पदार्थाला, जिथे एका मिनिटाच्या फरकाने मऊ मध्य कडक होतो, या अचूकतेवाचून पुढचा इतिहास घडणे शक्य नव्हते.

फार्मर यांनी घालून दिलेल्या शास्त्रशुद्ध वळणातूनच रूथ ग्रेव्हज वेकफिल्ड यांची पिढी तयार झाली. १९०३ मध्ये जन्मलेल्या वेकफिल्ड यांनी फ्रेमिंगहॅमच्या अध्यापिका महाविद्यालयातून १९२४ मध्ये गृहशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले, आहारतज्ज्ञ म्हणून काम केले, शाळेत गृहशास्त्र शिकवले, आणि १९३० मध्ये पती केनेथ यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन येथे एक जुनी इमारत घेऊन ‘टोल हाउस इन’ नावाचे उपाहारगृह काढले. पाटीवर त्यांनी १७०९ हे साल घातले होते आणि पूर्वी येथे वाटसरू जकात भरून घोडे बदलीत असे सांगितले जाई. इमारत प्रत्यक्षात तितकी जुनी नव्हती. मंदीच्या वर्षांत मोटारीने बॉस्टनहून केप कॉडकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला जुन्या, सुरक्षित, घरासारख्या जगाची ओढ होती, आणि वेकफिल्ड दांपत्याला ती ओळखता आली. उपाहारगृहाची कीर्ती मात्र पाटीमुळे झाली नाही. ती काटेकोर स्वयंपाकामुळे, उत्तम वाढपामुळे आणि विशेषतः गोड पदार्थांमुळे झाली.

चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी येथे १९३० च्या दशकात तयार झाली आणि वेकफिल्ड यांच्या पाकपुस्तकाच्या १९३८ च्या आवृत्तीत ‘टोल हाउस चॉकलेट क्रंच कुकीज’ या नावाने छापली गेली. तिच्या जन्माची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, ती अशी की घरातले स्वयंपाकाचे चॉकलेट संपले म्हणून बाईंनी साध्या चॉकलेटची वडी मोडून मिश्रणात टाकली, ती वितळून सगळीकडे पसरेल असे त्यांना वाटले होते, आणि ती न वितळल्याने योगायोगाने नवा पदार्थ जन्मला. दुसऱ्या एका कथेत तर यंत्राच्या हादऱ्याने फळीवरचे चॉकलेट मिश्रणात पडते. या कथांवर विश्वास ठेवणे कठीण आहे. गृहशास्त्राची पदवीधर, आहारतज्ज्ञ, रोज शेकडो पानांचा स्वयंपाक मोजूनमापून करणारी स्त्री चॉकलेट भट्टीत कसे वागते हे जाणत नव्हती, असे मानणे म्हणजे तिच्या विद्येचा अपमान आहे. आइस्क्रीमबरोबर आपण बटरस्कॉचची एक पातळ, अक्रोड-बदामांसारख्या सुक्या मेव्याची कुकी देत असू, ती लोकांना आवडे, तरी काहीतरी नवे द्यावे म्हणून ही कुकी योजून तयार केली, असे वेकफिल्ड यांनी स्वतः पुढे सांगितले होते. स्वयंपाकघरातील सहकारी सू ब्राइड्स यांचाही तिच्या घडणीत हात होता. स्त्रियांच्या स्वयंपाकघरात लागलेला शोध हा चुकून लागलेला असतो, ही कल्पना पुरुषांच्या प्रयोगशाळांच्या बाबतीत इतक्या सहज का स्वीकारली जात नाही, हा प्रश्न या ठिकाणी विचारावाच लागतो.

त्या छापील कृतीकडे बारकाईने पाहिले तर प्रचलित समजुतीला आणखी मोठा धक्का बसतो. एक कप लोणी, पाऊण कप ब्राउन शुगर, पाऊण कप पांढरी साखर, दोन अंडी, चमचाभर गरम पाण्यात विरघळवलेला चमचाभर सोडा, सव्वादोन कप मैदा, मीठ, व्हॅनिला, कपभर सुका मेवा आणि वाटाण्याएवढे तुकडे केलेल्या नेस्ले चॉकलेटच्या दोन वड्या, असे तिचे साहित्य आहे. हे मिश्रण अर्ध्या चमच्याच्या मापाने ट्रेवर टाकून ३७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १९० अंश सेल्सियसला, दहा ते बारा मिनिटे भाजायचे आणि त्यातून शंभर कुकीज काढायच्या, असे वेकफिल्ड सांगतात. साहित्याचे एकूण वजन साधारण बाराशे ग्रॅम धरले तर एका कुकीच्या वाट्याला जेमतेम बारा ग्रॅम मिश्रण येते. एवढासा गोळा बारा मिनिटे भट्टीत राहिला की त्याचा आतला ओलावा उडून जातो, लोणी पसरते, आणि हाती येते ती नाजूक, कुरकुरीत, आइस्क्रीमच्या शेजारी शोभेल अशी चकती. नावातच ‘क्रंच’ आहे. आजची जाड, ओलसर कुकी ज्या मूळ पाककृतीची म्हणून सांगितली जाते, त्या पाककृतीत तिचा मागमूस नाही.

सिमन्स यांच्या पुस्तकापासून वेकफिल्ड यांच्या पुस्तकापर्यंतच्या सुमारे दीडशे वर्षांत मैदा आणि लोणी यांचे प्रमाण दहास एकवरून सुमारे पाचास चारवर आले होते, यावरून स्निग्धतेच्या बाबतीत अमेरिकी घर किती संपन्न झाले याचा अंदाज येतो. पण मऊपणा त्या संपन्नतेचा भाग अजून झालेला नव्हता. कृती लोकप्रिय झाल्यावर १९३९ मध्ये वेकफिल्ड यांनी तिचे आणि टोल हाउस या नावाचे हक्क नेस्ले कंपनीला दिले. त्या व्यवहारात नाममात्र एक डॉलर ठरला होता असे सांगतात. कंपनीने प्रथम सहज मोडता येतील अशा खाचा पाडलेल्या वड्या आणि थोड्याच काळात तयार तुकड्यांची पाकिटे बाजारात आणली, आणि पाकिटाच्या पाठीवर कृती छापली. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या जवानांना या कुकीजचे डबे पाठवा असे आवाहन कंपनीच्या जाहिराती करीत, आणि साखरेचे रेशनिंग असतानाही घरोघरी स्त्रिया ते डबे भरीत. मॅसॅच्युसेट्समधल्या एका उपाहारगृहाची कुकी अशा रीतीने सगळ्या देशाची झाली, आणि पाकिटावरून उतरवलेली कृती पुढच्या पिढीला आजीची कृती वाटू लागली.

कारखान्यांनी हीच कुकी डब्यात भरली तेव्हा ती कुरकुरीत असणे अपरिहार्य होते. नाबिस्कोने १९६३ मध्ये आणलेली ‘चिप्स अहॉय’ हे त्याचे ठळक उदाहरण. मऊ कुकी टिकत नाही याची दोन कारणे आहेत. भट्टीतून निघताना कडेला कमी आणि मध्यभागी अधिक ओलावा असतो, आणि हाच फरक तिची मौज असतो. पण पुढील एक-दोन दिवसांत ओलावा आतून बाहेर सरकून सगळीकडे सारखा होतो आणि कडा मऊ पडतात. दुसरे असे की, भाजताना विरघळलेली साखर हळूहळू पुन्हा स्फटिकरूप धरू लागते आणि मधला भाग ठिसूळ होतो. म्हणून बिस्किट-कारखाने ओलावा पाच टक्क्यांच्याही खाली आणून मालाचे आयुष्य वाढवीत. दुकानात मिळणारी प्रत्येक कुकी कडक असल्यामुळे नुकत्याच भाजलेल्या कुकीचा क्षणिक मऊपणा ही केवळ घरात मिळणारी गोष्ट ठरली, आणि मऊ म्हणजे घरचे हे समीकरण येथून तयार झाले. घराने तो पोत मुद्दाम साधला होता असे नव्हे. कारखान्याला तो देता येत नव्हता, म्हणून तो घराच्या नावावर जमा झाला.

या समीकरणाचे दुकानदारीत रूपांतर १९७० च्या दशकात झाले. मार्च १९७५ मध्ये वॉली एमस या कृष्णवर्णीय उद्योजकाने हॉलिवूडच्या सनसेट बुलेव्हार्डवर केवळ चॉकलेट चिप कुकीजचे दुकान काढले. त्यांच्या कुकीज लहान आणि कुरकुरीत, म्हणजे वेकफिल्ड यांच्या वळणाच्या होत्या. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे वीस वर्षांच्या डेबी फील्ड्स यांनी दुकान काढले ते मात्र मोठ्या, मऊ, च्युई कुकीजचे. अमेरिकी गिऱ्हाइकाला कुरकुरीत कुकी आवडते असे बाजार-पाहण्या सांगतात, तेव्हा या मऊ कुकीचा धंदा चालणार नाही, असे त्यांना आधी बजावण्यात आले होते, असे त्या सांगत. म्हणजे १९७७ पर्यंत जाणकारांच्या मते अमेरिकी कुकी कुरकुरीतच होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणी फिरकले नाही तेव्हा फील्ड्स ट्रे घेऊन रस्त्यावर गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना चव घ्यायला सांगून त्यांनी गिऱ्हाईक जोडले. दोन तासांत न खपलेली कुकी विकायची नाही हा त्यांचा दंडक होता, आणि शेकडो दुकाने झाल्यावर कोणत्या तासाला किती माल भाजायचा याचा हिशेब संगणक करू लागला. मॉलमध्ये दरवळणारा वास, कागदी पिशवीतून हाताला लागणारी ऊब आणि मधोमध ओला राहिलेला गोळा या तिन्ही गोष्टी घराच्या आठवणीसारख्या वाटत, आणि अनेक गिऱ्हाइकांना त्या प्रथम तेथेच भेटल्या.

मोठ्या कंपन्यांना हे यश अस्वस्थ करणारे होते. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने १९८३ मध्ये डंकन हाइन्स या नावाने, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहणारी पाकीटबंद कुकी कॅन्सस सिटीच्या बाजारात उतरवली, आणि १९८४ मध्ये तिच्यासाठी पेटंट मिळवले. त्यातली युक्ती खरोखर देखणी आहे. या कुकीला दोन वेगवेगळी मिश्रणे लागतात. बाहेरच्या मिश्रणात सहज स्फटिक धरणारी साधी साखर असते, तर आतल्या मिश्रणात स्फटिक धरायला विरोध करणाऱ्या, फ्रुक्टोजसारख्या शर्करा असतात. एकाभोवती दुसरे गुंडाळून भाजले की बाहेरचा थर कडक होतो आणि आतला गाभा महिनोन्‌महिने मऊ राहतो. मार्बलहेडच्या मच्छीमारांना मळीने जे दिले, ते येथे मोजून, वेगळे काढून, आत भरले होते. नाबिस्को, कीब्लर आणि फ्रिटो-ले या प्रतिस्पर्ध्यांनीही मऊ कुकीज आणल्या तेव्हा पेटंटभंगाचा आणि व्यापारी गुपिते चोरल्याचा खटला उभा राहिला. कारखान्याची विमानातून छायाचित्रे घेतल्याचाही आरोप त्यात होता. १९८९ मध्ये तिन्ही कंपन्यांनी मिळून साडेबारा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. पेटंटखटल्यांच्या तोवरच्या इतिहासातली ही अतिशय मोठी रक्कम होती, आणि ती कशासाठी, तर नुकत्याच भाजल्याचा भास टिकवण्याच्या हक्कासाठी. डंकन हाइन्स कुकी बाजारात फार काळ टिकली नाही; रसायनाने मऊपणा दिला तरी लोण्याचा ताजा वास त्याला देता आला नाही.

दुकानातली मऊ कुकी घरी करण्याचे प्रयत्न यानंतर सुरू झाले, आणि त्यासाठी पाकशास्त्राची मदत घेतली गेली. शर्ली कॉरिहर या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासिकेने १९९७ च्या ‘कुकवाइज’ या पुस्तकात एकाच कुकीची पातळ, फुगीर आणि मधली रूपे कशी मिळवावीत हे कारणांसह मांडले. ऑल्टन ब्राउन यांच्या ‘गुड ईट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने तीच विद्या घरोघर नेली. पांढरी साखर कमी करून ब्राउन शुगर वाढवायची, कारण ती मुळात मळी परत मिसळलेली साखर असते आणि ओलावा धरते. पांढरा बलक कमी करून पिवळा वाढवायचा, कारण पांढरा वाळवतो. लोणी वितळवून घालायचे, म्हणजे त्यातले पाणी मैद्याला भिडून ग्लुटेन, अर्थात पिठाला लवचीकपणा देणारे प्रथिनांचे जाळे, तयार होते. आणि पावाचा, अधिक प्रथिनांचा मैदा घेतला तर हे जाळे आणखी बळकट होते. पाव-बेकरीवाल्यांची नानखटाई किंवा पुण्याची श्रूसबेरी बिस्किटे ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना यातला विरोध लगेच कळेल, कारण तेथे सारी खटपट हे जाळे होऊच नये यासाठी असते. तुपा-लोण्याने मैद्याचा कण न्‌ कण माखला जातो, पाणी टाळले जाते, आणि म्हणून ती तोंडात विरघळतात. च्युई कुकीला मात्र दाताशी थोडे झगडायचे असते.

जाडीचा प्रश्न वेगळा आहे. ट्रेवर ठेवलेल्या गोळ्यातले लोणी पस्तीस अंशांच्या आसपास वितळून वाहू लागते, तर अंडे आणि पीठ बरेच तापल्यावर घट्ट होतात. या दोन घटनांमधल्या काळात गोळा पसरतो. गोळा गार असेल, उंच आणि मोठा असेल, आणि भट्टी तेज असेल, तर तो पसरण्याआधीच कडा धरतात. न्यू यॉर्कमध्ये १९९५ मध्ये दोन मैत्रिणींनी काढलेल्या लेव्हॅन बेकरीने हे तत्त्व टोकाला नेले. लांब पल्ल्याच्या क्रीडास्पर्धेची तयारी करताना लागणारी भूक भागावी म्हणून त्यांनी जी कुकी केली, ती सहा औंसांची, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमची होती. वेकफिल्ड यांच्या चौदा कुकीजचे मिश्रण त्या एकीत जाते. एवढ्या गोळ्याचा मध्य कडा तांबूस झाल्या तरी अर्धा कच्चाच राहतो, आणि ट्रे बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेने तो हळूहळू धरतो. घरी कुकी भाजणाऱ्याला आज जी पहिली सूचना दिली जाते, ती म्हणजे मध्यभाग झाला नाही असे वाटत असतानाच ट्रे बाहेर काढा, तिची उपपत्ती हीच आहे.

मिश्रण मुरवण्याची पद्धतही याच काळात गाजली. न्यू यॉर्क टाइम्समध्ये जुलै २००८ मध्ये डेव्हिड लाइट यांनी शहरातल्या नामवंत बेकरीवाल्यांना विचारून लिहिले की, कुकीचे मिश्रण भाजण्यापूर्वी छत्तीस तास शीतकपाटात ठेवावे. अंड्यातले पाणी दाट असते आणि लोण्याने माखलेल्या मैद्यात ते फार सावकाश शिरते. तेवढा वेळ दिला की मिश्रण आवळते, कमी पसरते, अधिक तांबूस होते आणि त्याला टॉफीसारखा खोल स्वाद येतो. हजारो घरांनी ही गोष्ट नवा शोध म्हणून उचलली. परंतु त्याच लेखाने हेही नमूद केले की, वेकफिल्ड यांनी आपल्या पुस्तकाच्या १९५३ च्या आवृत्तीत टोल हाउसमध्ये हे मिश्रण रात्रभर गार ठेवले जाते असे लिहून ठेवले होते. चॉकलेटच्या पाकिटावर ती ओळ कधी आली नाही. पाकिटावरच्या कृतीत अर्ध्या चमच्याचा मोठा चमचा झाला, शंभर कुकीजच्या पाच डझन झाल्या, चॉकलेट सात औंसांवरून बारा औंसांवर गेले; विकायच्या मालाचे प्रमाण वाढवण्यात कंपनीचे हित होते, आणि गिऱ्हाइकाला रात्रभर थांबायला सांगण्यात नव्हते. ज्या बाईंनी ती कुकी विचारपूर्वक घडवली, त्यांच्या कृतीतली थांबण्याची एकमेव पायरी अशी सुमारे पंचावन्न वर्षे छापील पुस्तकात पडून राहिली, आणि ज्यांनी घरी ती पाळली असेल त्या स्त्रियांनी ती बहुधा कोठे लिहून ठेवली नाही.